जुनी हायब्रिड सायकल घेऊन रोज ऑफिसला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात २०१० नंतरच्या काही वर्षांत गिअरच्या सायकलींची हौसच आली होती. त्यातल्या कित्येक सायकली आज सोसायटीच्या जिन्याखाली नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात हवा गेलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. मालकाला त्या जड झाल्यात, घेणाऱ्याला स्वस्तात हव्यात. खालची उत्तरं पुण्याचे रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, पण नाशिक, ठाणे किंवा कोल्हापूरला फार वेगळं काही नसतं.

हायब्रिड म्हणजे नक्की कोणती सायकल?

सरळ हँडल, ७००सी आकाराची मोठी चाकं, ३२ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि थोडी ताठ बसायची पद्धत. रेसिंग सायकलीसारखं कंबरेतून वाकावं लागत नाही आणि एमटीबीसारखे (डोंगरी सायकलीसारखे) जाड टायर ढकलावे लागत नाहीत. ट्रेकची एफएक्स, जायंटची एस्केप, डेकॅथलॉनची रिव्हरसाइड ही याच जातीची. फायरफॉक्स, माँट्रा, श्नेल यांच्याही हायब्रिड जुन्या बाजारात बऱ्याच दिसतात.

त्याच पैशात नवी साधी सायकल का घेऊ नये?

घ्या की. पण सात-आठ हजारांच्या नव्या 'गिअरवाल्या' सायकलीत बहुतेक वेळा जड फ्रेम, दिखाऊ शॉकअप आणि महिन्याभरात आउट होणारी, म्हणजे डगमगत फिरणारी, चाकं मिळतात. तेवढ्याच पैशात दहा वर्षं जुनी, चांगल्या फ्रेमची हायब्रिड रस्त्यावर येऊ शकते. अट एकच: तुमच्यासाठी सायकलीची किंमत म्हणजे विकणाऱ्याचा आकडा नव्हे. टायर, चेन, केबल, ब्रेक शू आणि मजुरी धरून जो आकडा होईल ती खरी किंमत. पुढची बहुतेक उत्तरं या एका हिशोबाभोवतीच फिरतात.

शोधायची कुठे?

सगळ्यात आधी आपल्याच सोसायटीच्या ग्रुपवर. तिथे भाव करायला लागत नाही, उलट 'घेऊन जा एकदाची' असं म्हणणारे भेटतात. मग ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि सायकल क्लबांचे ग्रुप. क्लबातल्या लोकांच्या सायकली महाग असतात, पण निगा राखलेल्या असतात.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे कॅरिअर, स्टँड, पाने असल्या वस्तू जरूर घ्या. अख्खी सायकल घेताना मात्र दहा वेळा विचार करा. चोरीची निघाली तर सायकलही जाते आणि पोलीस चौकीच्या चकरा वेगळ्या.

चोरीची नाही हे कसं कळणार?

बॉटमच्या खाली, म्हणजे जिथे पायडलचा आडवा दांडा फ्रेममधून जातो तिथे, नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करून तो बघा. घासून काढलेला असेल तर पुढे बोलायचंच नाही. मूळ बिल मिळालं तर उत्तम. नसेल तर विकणाऱ्याकडून फ्रेम नंबर, रक्कम आणि तारीख घालून चार ओळींची पावती सहीनिशी घ्या आणि पैसे यूपीआयनं द्या, म्हणजे नोंद राहते. प्रामाणिक माणूस याला कधी नाही म्हणत नाही. सायकलीबद्दल साधं 'कधी घेतली, कुठे चालवली' विचारलं तरी बऱ्याच गोष्टी उघड होतात.

साइझ किती महत्त्वाची?

सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच सोडतात. बाकी सगळं बदलता येतं, फ्रेमची लांबी-उंची बदलत नाही. साडेपाच ते पावणेसहा फूट उंचीला साधारण १८-१९ इंची फ्रेम, म्हणजे मीडियम. सव्वापाच फुटांच्या आसपास १६-१७ इंची. दांडीवर दोन्ही पाय टाकून उभं राहिल्यावर मध्ये दोन-तीन बोटं जागा हवी. सीट वर काढून भागेल असं विकणारा सांगेल. सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, कमाल उंचीची खूण कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. ती ओलांडून चालवली की सीटपोस्ट वाकतो किंवा फ्रेमच फाटते.

बघायला गेल्यावर काय तपासू?

सोबत एक फडकं, चेन मोजायला इंचाची फूटपट्टी आणि मोबाइलचा टॉर्च न्या. सकाळच्या उजेडात जा. संध्याकाळी पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच सायकली छान दिसतात.

पहिली फ्रेम. धूळ फडक्यानं पुसून हँडलजवळचा जोड, बॉटमचा जोड आणि मागच्या चाकाच्या आसाजवळची टोकं बघा. रंगात केसासारखी बारीक रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं, तर तो चरा नसून चीर असू शकते. हँडलच्या जोडाखालच्या नळीला सुरकुती किंवा फुगवटा असेल तर सायकल समोरून कुठेतरी धडकलेली आहे.

मग चाकं. ब्रेकजवळ डोळा नेऊन चाक फिरवा. डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर हलत असेल तर आउट काढून घेता येतो. वर-खाली उड्या मारत असेल तर रिमला खड्ड्याचा मार बसलाय. मग दोन-दोन आऱ्या चिमटीत धरून दाबत चला, एखादी ढिली पडलेली लगेच कळते. रिमच्या ज्या कडेला ब्रेक घासतो तिथून बोट फिरवा. कड आतल्या बाजूला खोलगट लागली तर रिम संपत आलंय.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. हँडलच्या जोडात टकटक वाजलं तर तिथले बेअरिंगचे कप सैल आहेत किंवा झिजलेत. क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा, आडवा धरून हलवा. खेळत असेल तर बॉटम गेलंय. तेही फार महाग नाही, पण भाव पाडायला उपयोगी पडतं.

शेवटी डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती हँगर मागून बघा. डिरेलरची दोन्ही छोटी चक्रं चेनच्या सरळ रेषेत दिसायला हवीत. आत वाकलेली दिसली तर सायकल उजव्या बाजूवर पडलीय. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि जुन्या मॉडेलचा शोधताना जीव जातो.

दुरुस्तीला किती खर्च येतो?

सगळंच बदलायचं धरलं तर साधारण असं: दोन टायर १,६०० ते २,४००, ट्यूब ५०० ते ७००, चेन ६०० ते ९००, मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) ६०० ते ९००, ब्रेक शूच्या दोन जोड्या ४०० ते ६००, केबल आणि आउटर (केबलवरचं आवरण) ४०० ते ६००, आणि ओव्हरहॉलिंगची मजुरी ८०० ते १,५००. बेरीज पाच ते साडेसात हजार. दुकानागणिक फरक पडेलच.

आता याच हिशोबानं भाव करा. साध्या देशी हायब्रिडला सगळंच लागणार असेल आणि मालक नऊ हजार मागत असेल, तर तुम्ही नव्याच्या किमतीला जुनी घेताय. तीच चार हजारांत मिळाली तर सोडू नका. नामांकित कंपनीची हलकी फ्रेम असेल तर थोडे जास्त गेले तरी चालतील. आणि 'नुकतीच सर्व्हिस केलीय' या वाक्याचे शून्य रुपये धरा. बिल दाखवलं तर गोष्ट वेगळी.

चीर गेलेली ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंग करून घेऊ का?

नको. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि त्याला पुन्हा कडकपणा देणारी प्रक्रिया गल्लीतल्या वर्कशॉपात होत नाही. पोलादी फ्रेम असेल तर चांगल्या कारागिराकडून जोडून घेता येते.

टायर २८ इंची आहे म्हणाले. दुकानातून २८ चा आणला तर चढेना!

कारण २८ इंची नावाचे दोन वेगळे टायर आपल्याकडे सर्रास विकले जातात. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला लागतो तो २८ x १ १/२. त्याचा रिमवर बसणारा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. हायब्रिडचा ७००सी टायर ६२२ मिलिमीटरचा. फरक फक्त १३ मिलिमीटरचा, पण काळ्या सायकलीचा टायर हायब्रिडच्या रिमवर ढिला बसतो आणि हवा भरली की बाहेर येतो. उलटं केलं तर सात जन्मात चढणार नाही.

म्हणून इंचाचा आकडा विसरा. जुन्या टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ३७-६२२ किंवा ४०-६२२ असं छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा. मागचा आकडा ६२२ च हवा. पुढचा म्हणजे रुंदी, तो चार-पाचनं कमी-जास्त चालतो, फक्त फ्रेम आणि मडगार्डमध्ये जागा आहे का ते बघा. पुण्याच्या रस्त्यांना ३८-४० ची रुंदी मला सगळ्यात पटते. २८ मिलिमीटरच्या बारीक टायरवर वेग जरा मिळतो, पण ड्रेनेजच्या झाकणाच्या कडेवर एकदा आपटला की ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

टायर जाड दिसतोय म्हणून जुनाच ठेवू नका. कडेला दाबून वाकवा. बारीक भेगा उघडल्या तर रबर वाळलंय, नक्षी कितीही शिल्लक असो.

हवा किती भरायची? आणि पंपवाला म्हणतो 'हा वॉल आमच्याकडे नाही'.

३८ च्या टायरला साठ-सत्तर किलोच्या माणसानं पुढे ४५-५० आणि मागे ५०-५५ पीएसआय भरावी. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. दाबून बघून अंदाज येत नाही, गेज असलेला उभा पंप घ्या.

वॉलचं, म्हणजे हवा भरायच्या नळीचं, म्हणाल तर मोटारसायकलसारखा जाड वॉल असेल तर कुठल्याही पंपावर काम होतं. बारीक, टोकाला छोटी चकती असलेला प्रेस्टा असेल तर पितळी ॲडॅप्टर मिळतो, तो पाकिटात ठेवा. रिमचं भोक बारीक असेल तर जाड वॉलची ट्यूब त्यात जात नाही. ड्रिलनं मोठं करणारे आहेत, पण अरुंद रिमवर ते नको.

चेन बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

इंचाची पोलादी पट्टी घ्या, मोबाइलमधली ॲप नको. नव्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ पिना मोजल्या की १२ इंच. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, चेन ताणा आणि ती पिन सोडून पुढची चोविसावी पिन कुठे येते ते बघा. १२ च्या खुणेवर आली तर चेन ठीक. एक सोळांश इंच पुढे गेली तर चेन बदला. एक अष्टमांश पुढे गेली तर चेनसोबत मागचं फ्रीव्हीलही बदलावं लागणार, कारण झिजलेल्या चेननं त्याचे दात कोरून काढलेले असतात. नवी चेन त्यावर बसत नाही आणि जोर लावला की खाडकन घसरते. हे नेमकं सिग्नल सुटल्यावर, मागे पीएमपीची बस उभी असताना होतं.

मागे सात किंवा आठ चक्रं असलेल्या सायकलींना एकच रुंदीची चेन चालते. नऊला वेगळी लागते.

चेन स्वच्छ करायला डिझेल किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश पुरतो. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल फडक्यानं पुसून टाका. तेल कड्यांच्या आत हवं, वर राहिलं की धूळ धरतं. इंजिन ऑइल, खोबरेल, गोडंतेल यातलं काहीही चालत नाही. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे गंज सोडवायला ठीक आहे, वंगण म्हणून टिकत नाही.

गिअरचं बटण दाबतो पण काहीच होत नाही. शिफ्टर बदलू?

थांबा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या सायकलींची ही ठरलेली तक्रार आहे आणि दहातल्या आठांचा शिफ्टर मुळात बिघडलेलाच नसतो. आतलं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं. त्यामुळे आतली छोटी खुंटी दातात पडत नाही आणि बटण नुसतं पोकळ हलतं.

केबल काढा. शिफ्टरच्या फटीतून डिग्रीझर (ग्रीस विरघळवणारा द्रव) किंवा डब्ल्यूडी-४० भरपूर मारा, खाली फडकं धरा. पिवळट-तपकिरी पाणी येईल. दोन्ही बटणं दाबत राहा. आधी काही नाही, मग मध्येच एक 'टिक', मग सलग टिक-टिक-टिक. ते ऐकल्यावर जो आनंद होतो तो लिहून सांगता येत नाही. वाळू द्या आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब आत सोडा. नुसता डिग्रीझर मारून सोडलंत तर पुन्हा अडकेल.

नवी केबल टाकताना आउटरही नवं टाका, आणि गिअरचं आउटर ब्रेकला वापरू नका. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात, ब्रेक जोरात दाबला की ते फाटू शकतं.

व्ही-ब्रेक बरे की डिस्क?

जुनी सायकल घेताना व्ही-ब्रेक, म्हणजे रिमवर शू दाबणारे. शू आणि केबल बदलले की ते नव्यासारखे धरतात आणि कुठलाही सायकलवाला दुरुस्त करतो. स्वस्त मेकॅनिकल डिस्क जुनी झाली की किंचाळत राहते. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, असेल तर आधी कुठलं तेल लागतं ते बघा. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, त्यात मोटारसायकलच्या ब्रेकचं डॉट फ्लुइड घातलं की आतली सीलं फुगून ब्रेक कायमचा जातो.

पुढचा शॉकअप ठेवू का?

साठ-एक मिलिमीटर दबणारे हे शॉकअप जुने झाले की दबतही नाहीत आणि सुटतही नाहीत, वजन मात्र वाहायला लावतात. दुरुस्तीवर खर्च करू नका. निवड असेल तर साध्या, न दबणाऱ्या चिमट्याचीच (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांचीच) सायकल घ्या. बदलायचा असेल तर नवा चिमटा लांबीला साधारण तेवढाच हवा, नाहीतर सायकल पुढे झुकते आणि हँडल अस्थिर होतं.

सीटपोस्ट फ्रेममध्ये घट्ट बसलाय.

क्लॅम्प पूर्ण सोडा, भोवतीनं पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी वर ओढत बसू नका, सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळा. दोन-तीन रात्री असं करून बहुतेक सुटतात. सुटल्यावर आत ग्रीस लावा. विकत घेण्याआधीच हे कळलं तर सरळ भाव पाडा, कारण न सुटणारा सीटपोस्ट कापून काढावा लागतो.

घरी काय करू आणि मेकॅनिककडे काय देऊ?

साफसफाई, चेन, टायर-ट्यूब, ब्रेक शू, केबल, सीट-हँडल घरी. त्याला ॲलन कीचा सेट, टायर लिव्हर, १५ चा पाना आणि चांगला पंप पुरतो. पायडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. वर धरलेला पाना सायकलीच्या मागच्या बाजूला फिरवला की दोन्हीकडचं पायडल सुटतं.

चाकाचा आउट, बॉटम आणि फ्रीव्हील काढणं मेकॅनिककडे. हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, ओव्हरहॉलिंग दोन्हींच्या मध्ये पडतं. पुढच्या चाकात एका बाजूला ३/१६ इंची दहा छर्रे असतात, मागच्यात १/४ इंची नऊ. खाली ताट ठेवून उघडलंत तर हरवत नाहीत. दुकानात दिलंत तर उभं राहून बघा. छर्रे नवे टाकतोय की जुनेच पुसून ग्रीस थापतोय, ते तिथेच कळतं. नव्या छर्ऱ्यांना चहाच्या पैशांपलीकडे खर्च येत नाही.

पावसाळ्यात चालवायची का?

चालवा, पण पूर्ण लांबीचे मडगार्ड लावून. सीटखाली अडकवायचे प्लॅस्टिकचे तुकडे निव्वळ शोभेचे.

पहिल्या पावसात रस्त्यावर तेलाचा थर वर येतो, तेव्हा वळणावर ब्रेक नको. ओल्या रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत शू फक्त पाणी पुसतात, म्हणून थोडं आधी दाबायला लागा. दर आठवड्याला शू बघा. त्यात रेती आणि रिमचे चमकते कण रुतून बसतात, ते सुईनं काढले नाहीत तर रिम कापलं जातं. काचेचे बारीक तुकडेही ओल्या टायरला चिकटून आत घुसतात. घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्यात धरून पायडल उलटं फिरवा आणि थोडं तेल. प्रेशर वॉशरनं सायकल धुवू नका, पाणी हबच्या आत जातं.

घाम, लॅपटॉप, कपडे?

लॅपटॉप पाठीवरून उतरवून कॅरिअरवरच्या बॅगेत टाकला की निम्मा घाम कमी होतो. त्यासाठी फ्रेमला मागच्या आसाजवळ कॅरिअरची भोकं आहेत का हे सायकल घेतानाच बघा. सीटपोस्टला आवळायच्या कॅरिअरवर लॅपटॉप ठेवू नका, ते खड्ड्यांनी फिरतात. ऑफिसात एक शर्ट आणि पंचा कायम असू द्या.

कोथरूडहून हिंजवडी रोज जमेल?

एका बाजूनं साधारण १५ किलोमीटर, शहराच्या वेगानं तास धरा. चांदणी चौकाचा चढ आहे, पण हायब्रिडला पुढे बहुतेक ४८-३८-२८ अशी तीन चक्रं असतात. छोट्या चक्रावर टाकून बसल्या जागी चढता येतो. लोक त्याला हातच लावत नाहीत, मोठ्यावरच गुडघे फोडत बसतात. सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस जा. पुणे मेट्रोत सायकल नेता येते, पण ऑफिसच्या गर्दीच्या वेळी ती नेणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

इलेक्ट्रिक किट बसवू का?

कायद्यानं मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ती सायकल मोटार वाहनात धरत नाहीत. बाजारात मात्र त्यापेक्षा मोठी किटं सर्रास मिळतात. जुन्या ॲल्युमिनियमच्या चिमट्यावर हब मोटर बसवण्याचा धोका मी घेणार नाही. बसवायचीच तर मागच्या चाकाला, आणि आधी ब्रेक नवे.

विकणारा हेल्मेटही फुकट देतोय.

घेऊ नका. आतला थर्माकोल एकदा आपटला की बाहेरून काही दिसत नाही. हेल्मेट नवंच.

रंग देऊन घेऊ का? फारच चरे आहेत.

पहिल्या वर्षी नको. त्या पैशात चांगले टायर येतात. पोलादी फ्रेमवर जिथे धातू उघडा पडलाय तिथे पॉलिश पेपर मारून, पुसून, जुळत्या रंगाची नेलपॉलिश दोनदा लावा म्हणजे गंज पसरत नाही. ॲल्युमिनियमला तेवढंही लागत नाही. आणि स्टेशनाबाहेर लावायची असेल तर ते चरे असू द्यात, शेजारच्या चकचकीत सायकलीकडे चोराचं आधी लक्ष जातं. कुलूप मात्र यू आकाराचं घ्या आणि फ्रेम नि मागचं चाक दोन्ही त्यात अडकवा.